डब्याला नारळ नसतो

माझ्याबद्दल आमच्या इकडच्या वाशीपासून ढोकीपर्यंत एकच बोललं जातं, की हा माणूस फार लांबवून सांगतो. त्यात माझा दोष नाही, धंद्याचा आहे. मी पत्रा ठोकतो. चेपलेला पत्रा ठोकून वर काढला की तो मूळच्यापेक्षा थोडा जास्तच होतो, ताणला जातो. कुठल्याही डेंटिंगवाल्याला विचारा. इतकी वर्षं पत्र्याच्या संगतीत काढल्यावर माणसाच्या बोलण्याचंही तेच होणार.

माझं शेड येरमाळ्याच्या अलीकडं, हायवेला चिकटून. दुपार ही तिथली खरी वेळ. दोन ते चार हायवे जमिनीवर नसतो. तो वीतभर वर उचलला जातो आणि तरंगत राहतो. त्याच्यावरून ट्रक येतात ते आधी नुसती टपं, मग काचा, मग दिवे. चाकं तर कधीकधी येतच नाहीत. एकदा उसाची ट्रॉली ढोकीकडं अशी तरंगत गेली की ट्रॅक्टरवाल्याचं मुंडासं निंबाच्या शेंड्याला अडकलं. मी बांबूनं काढून परत दिलं. त्या वेळात हातोडी चालत नाही. पत्रा तापलेला असतो, हात पेंगलेला असतो. शेडच्या मागं निंबाखाली एका मेलेल्या मोटारीची मागची सीट ठेवलीय, तिच्यावर मी आडवा होतो. आयुष्यात मला जे जे सुचलं ते त्या सीटवर सुचलं. लग्न सोडून. ते घरच्यांना सुचलं.

कॉम्प्युटरचंही तिथंच सुचलं. वाशीचा एक झेरॉक्सवाला आपल्या कॉम्प्युटरचा डबा घेऊन आला होता. मोटरसायकलवरून पडलेला. आतलं काळीज-मेंदू त्यानं आधीच काढून घरी ठेवलं होतं. माझ्याकडं आला तो नुसता पत्र्याचा खोका, एका बाजूनं पोटात गेलेला. “मिस्त्री, एवढा सरळ करून ठेवा,” म्हणाला आणि बाजारात गेला.

दहा मिनिटांत सरळ झाला. मग मी सीटवर पडलो, आणि तो खोका समोर स्टुलावर. निंबाची सावली त्याच्यावरून पुढंमागं होत होती. माझे डोळे अर्धे मिटलेले. आणि मला दिसलं की ह्याला पुढून जाळी आहे. जाळीमागं पंखा आहे. गरम हवा सोडायला मागं भोकं आहेत. एक बटण, एक दिवा. मी उठून बसलो. अरे, ही तर गाडी आहे! हिची चाकं तेवढी कुणीतरी नेलीत.

झेरॉक्सवाला चार वाजता परत आला तेव्हा त्याच्या डब्याला मडगार्ड फुटले होते. आठ दिवसांनी न्यायला आला तेव्हा तो ट्रक झाला होता. भगवा रंग, कपाळावर घाटाचं चित्र, दोन बाजूंना काळे गोंडे, मागं धूर सोडायला सायलेन्सर, म्हणजे गरम हवेची नळी. त्या माणसानं चपला बाजूला काढल्या, एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, “पासिंग कुठलं?”

“एमएच पंचवीसच,” मी म्हणालो. “परका वाटतो का?”

तो ट्रक मांडीवर घेऊन तो एसटीत बसला, तर कंडक्टरनं गाडीत गाडी नेता येत नाही म्हणून त्याला खाली उतरवलं. हे झेरॉक्सवाला कबूल करत नाही, पण त्याच्याशिवाय सगळ्यांना माहीत आहे.

मग सुरूच झालं. कुणाला ट्रॅक्टर हवा, कुणाला दुधाचा टँकर. इंजिनिअरिंगला असलेल्या एका पोरानं रोडरोलर करून घेतला. तो इतका जड झाला की त्याच्या खोलीची फरशी सपाट झाली. दिवसा मी लोकांच्या खऱ्या गाड्या ठोकायचो आणि उरलेल्या वेळात ह्या बारक्या. खरं सांगायचं तर बारक्या गाड्यांत माझं मन जास्त रमायचं. मोठ्या गाडीला मालक सांगतो तसंच करावं लागतं. बारक्या गाडीला रस्ताच नसतो, त्यामुळं ती कुठंही जाते.

सगळे वाहवा करत होते. एक माणूस सोडून.

माझे वस्ताद ढोकीचे. त्यांच्या हाताखाली मी नऊ वर्षं काढली, त्यातली पहिली दोन नुसता पॉलिश पेपर घासण्यात. तेव्हा बोटांचे ठसे झिजून गेले होते, अजून पुरते आलेले नाहीत. वस्ताद पत्रा डोळ्यांनी बघत नाहीत. तळहाताखाली धुतलेल्या धोतराचा मऊ तुकडा धरतात आणि पत्र्यावरून हात असा नेतात, जसा पाण्यावरून वारा. उघड्या हाताला घाम येतो, हात अडकतो. फडक्याखाली पत्रा बोलतो. एकदा त्यांनी जीपच्या दारावर हात फिरवून सांगितलं होतं, की ह्या दाराला म्हशीनं धडक दिलीय आणि म्हैस गाभण होती. मालकानं शपथेवर कबूल केलं. आता वस्ताद ऐंशीच्या घरात. डोळ्यांना उजेड आणि सावली एवढंच कळतं. कामात काही फरक नाही.

त्यांची एक रीत होती. आमच्याकडं नवी गाडी घेतली की येडेश्वरीला नेतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, पुढं नारळ फोडतात; ते सगळेच करतात. वस्तादांच्या मते गाडीला दोन जन्म. एक कारखान्यात, दुसरा ठोकून-सावरून पुन्हा उभी राहिल्यावर. दुसऱ्या जन्माचा नारळ मिस्त्रीनं फोडायचा, आणि तो दगडावर आपटून नाही. डाव्या हातात धरून हातोडीच्या पाठीचा एकच टोला. मग पाण्याचा थेंब जमिनीवर जाऊ न देता, गाडीच्या नाकावरून सरळ जाळीत सोडायचं. पयला घोट गोड जावा, म्हणायचे. मग तळहात बॉनेटवर ठेवून दोनच शब्द: “बसवा माणसं.”

त्या दोन शब्दांनंतर गाडी ही गाडी व्हायची. तोवर नुसता पत्रा.

ट्रक झाला तेव्हा मी त्यांना बोलावून घेतलं. त्यांची लेक येरमाळ्यातच दिलीय, त्यामुळं येणंजाणं असतंच. त्यांनी फडकं घेतलं, हात फिरवला.

“चांगला झालाय,” म्हणाले. “कशाचा डबा हाय?”

“वस्ताद, डबा न्हाय. ट्रक हाय. आत कॉम्प्युटर ऱ्हातो.”

“आत काय तरी ऱ्हातंय म्हंजी डबाच की लेका.”

“मग नारळ?”

वस्ताद हसले. “डब्याला नारळ नसतो गड्या.”

ट्रॅक्टरच्या वेळी तेच. टँकरच्या वेळी तर त्यांनी झाकण कुठंय ते विचारलं. मीही त्यांच्याबरोबर हसायचो. पण दुपारी सीटवर पडलो की ते चार शब्द निंबाच्या पानांत अडकून बसायचे आणि वाऱ्यानं हलायचे. माझं सगळं आयुष्य त्या माणसाच्या तळहाताखालून गेलेलं. मला पेपरात नाव नको होतं, बक्षीस नको होतं. माझ्या एका बारक्या गाडीला एकदा वस्तादांनी नारळ फोडावा, एवढंच हवं होतं. पंचेचाळिशी उलटलेल्या माणसानं असलं काही कुणाला सांगायचं नसतं. मीही सांगितलं नाही. फक्त सगळ्यांना माहीत होतं.

आणि मग वाशीची ती पोरगी आली. पोरगी म्हणजे पंचविशीची, लग्नाचे व्हिडिओ कापून-जोडून द्यायचा स्वतःचा धंदा असलेली, आणि बोलायला अशी की समोरच्याचा सायलेन्सर गळून पडावा.

“मामा, तुमी गाड्यांचे डबे करता म्हणं.”

“डबे न्हाय. गाड्या.”

“बरं, गाड्या. मला काळीपिवळी पायजे. माझ्या अप्पाची व्हती तशी. वाशी-येरमाळा. वीस माणसं आत, आठ मागं, आन् एक शेळी मांडीवर.”

“ती जीप कुठंय आता?”

“भंगारात गेली. म्या कॉलेजला असताना. एवढं तेवढं ऱ्हायलं.” तिनं टेम्पोतून एक बॉनेट खाली ओढलं. काळा रंग उडून खाली हिरवा, हिरव्याखाली लाल. वास मात्र वेगळाच येत होता.

“ह्याच्याखाली काय व्हतं?”

“पयलं इंजिन. मग कोंबड्या. खुराड्याचं छप्पर केलं व्हतं.”

“अप्पांनी दिलं?”

“अप्पा म्हणले, ने, पण कोंबड्या कुठं निजवायच्या ते आधी सांग.” आणि मग जरा आवाज खाली घेऊन, “करताल ना मामा? बाहेरचा पत्रा लावायचा न्हाय. हाच.”

मी पत्र्यावर टिचकी मारली. आताच्या गाड्यांचा पत्रा पापडासारखा. फोनवर जोरात बोललं तरी खळगा पडतो. हा जुना पत्रा होता. टिचकी मारली तर कळंबपर्यंत ऐकू गेली.

ते काम मला दोन महिने पुरलं. घाई नव्हतीच, घाई झाली असती तरी मी केली नसती. आधी कोंबड्यांची सगळी आठवण घासून काढली. मग पत्रा कापला, वाकवला, आणि ठोकायला बसलो तेव्हा माझ्या हाताला काय झालं ते मला सांगता येत नाही, म्हणून थोडं वाढवून सांगतो. मी दुपारी काम करू लागलो. दोन ते चार, ज्या वेळात माझ्या शेडमध्ये माशीसुद्धा बसल्या जागी झोपते, त्या वेळात. हातोडी इतकी हलकी पडायची की पत्र्यावर बसलेली चिमणी उडायची नाही, नुसती कूस बदलायची. डोळे मिटलेले असायचे. टक्, टक्, आणि प्रत्येक खळग्यातून कुणीतरी वर यायचं. शेंगांची पाटी घेतलेली बाई यायची. बाशिंग मांडीवर धरून, फेटा सावरत, ड्रायव्हरशेजारी अर्ध्या जागेवर टेकलेला नवरदेव यायचा. दवाखान्यात निघालेला म्हातारा, मागच्या शिडीला लटकलेली कॉलेजची पोरं, आणि ती शेळी. सगळे गाडीत बसून असायचे, गाडी निघायची नाही. ड्रायव्हर अजून दोन सीटा येतात का बघत उभा. कुणी कुरकुर करायचं नाही. बाहेर ऊन तरंगत असायचं. मग मी डोळे उघडायचो आणि पत्रा आरशासारखा झालेला असायचा, त्यात मी.

गाडी झाली. दीड हात लांब, खाली काळी, वर पिवळी. टपावर कॅरियर, मागं शिडी. पुढची काच खरी. तिच्यातून आतला पंखा फिरताना दिसायचा. बॉनेट उचललं की मेंदूचा भाग. उजवीकडं किल्ली, ती फिरवली की चालू. आतली डिस्क काम करू लागली की उजवा इंडिकेटर लुकलुकायचा, जणू आता वाशीकडं वळणार. आणि पुढं जाळी. सगळा वारा तिथूनच आत जायचा. जाळीच्या बरोबर मागं, चार बोटांवर, मदरबोर्ड. ही जागा नीट लक्षात घ्या. मी घेतली होती.

ज्या दिवशी ती न्यायला येणार होती त्याच दिवशी मी वस्तादांना निरोप धाडला. ती सकाळीच आली. वर्षानुवर्षं एकेक करून जमवलेलं कॉम्प्युटरचं सगळं सामान तिनं पिशवीतून काढलं आणि बारका स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतःच बसवलं. मला हात लावू दिला नाही. किल्ली फिरवली. दिवे लागले, पंखा फिरला, आणि ती जाळीसमोर हात धरून गप्प बसली. हिचा सायलेन्सर बंद झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

“अप्पाला आनायला पायजे व्हतं,” एवढंच म्हणाली.

दुपारी वस्ताद आले. मी त्यांना स्टुलापर्यंत आणलं.

“बंद करा,” ते म्हणाले. “चालत्या गाडीला म्या हात लावत न्हाय.”

तिनं बंद केली, वायरही काढली. मी तिकडं बघत नव्हतो. मी त्या शब्दाकडं बघत होतो. वस्ताद ‘गाडी’ म्हणाले होते.

फडकं निघालं. हात टपावरून गेला, काचेच्या कडेवरून उतरला, बॉनेटवर आला आणि तिथं थांबला. इतका वेळ थांबला की हायवेवरून दोन एसट्या, एक बैलगाडी आणि माझी सगळी तारुण्याची वर्षं निघून गेली.

“हा पत्रा आताचा न्हाय,” वस्ताद म्हणाले.

“न्हाय.”

“ह्या पत्र्यानं माणसं वाह्यलीत.”

“लई वाह्यलीत, बाबा,” पोरगी म्हणाली.

हात पुढं सरकला. डाव्या मडगार्डावर अडखळला. “हितं अर्धा सूत खाली हाय.” मी हातोडी घेतली, आतून हलकेच दोन टोले दिले. “आनखी येक.” दिला. “हां.” मग जाळीवर बोटं फिरली, एकेक दांडी मोजल्यासारखी. मग वस्ताद सरळ उभे राहिले आणि माझ्याकडं नाही, पोरीकडं वळून म्हणाले, “पोरी, समोरच्या टपरीवनं येक नारळ आन.”

माझ्या कानात वारा शिरला. नारळ! ती निघाली. मी तिच्या मागं बघतोय, ती हायवे ओलांडतेय, दुपारच्या त्या तरंगत्या डांबरावर तिचे पाय टेकत नाहीत, टपरी हलतेय, नारळ हलतायत. माझे स्वतःचे पायही टेकत नव्हते. मी शेडच्या छताला लागलो होतो. खाली बघतो तर माझे वस्ताद, माझी जीप, आणि जीपची जाळी.

जाळी.

मी खाली आलो. एकदम.

ती परत आली, हसत. “बाबा, चार वाजवून बघितले, त्यातला ह्यो आनला. लई पाणी हाय ह्यात.”

वस्तादांनी नारळ डाव्या हातात घेतला. उजव्या हातात माझीच हातोडी.

आता तुम्ही म्हणाल, एवढा बोलणारा माणूस, बोलायला काय झालं होतं? वस्ताद, जरा थांबा, आत नाजूक सामान आहे, बाजूला फोडा. एका दमाचं वाक्य. ते माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण त्याचा अर्थ काय होत होता? अर्थ हा होत होता की वस्ताद, ही गाडी नाही. हिला पाणी चालत नाही. हा डबा आहे, आत काहीतरी राहतं. इतकी वर्षं ज्याला मी नाही नाही म्हणत आलो, ते मला माझ्याच तोंडानं सांगावं लागणार होतं, तेही त्या माणसानं हातात नारळ धरलेला असताना. आणि पलीकडं ती पोरगी, हात जोडून, डोळे मिटून उभी. तिला रीत माहीत नव्हती, तिला वाटलं बाबा जमिनीवर फोडतील. सामान तिचं होतं. माझा त्यातला एक स्क्रूही नव्हता. हे मला तेव्हाही कळत होतं.

मी गप्प राहिलो.

टक्. एकच टोला. वस्तादांचा हात तसूभर चुकला नाही. पाणी नाकावरून वळलं, सूर्य त्यात एकदा चमकला, आणि सगळं, थेंबनथेंब, जाळीतून आत गेलं. वस्तादांनी तळहात बॉनेटवर ठेवला.

“बसवा माणसं.”

“अगं आई!” पोरीनं डोळे उघडले होते. “अहो बाबा, काय केलं! आत मदरबोर्ड हाय!”

“कोन बोर्ड?”

“सगळं इजेचं हाय त्यात! पाणी चालत न्हाय त्याला!” तिनं बॉनेट उचललं, आत बघितलं, आणि मग माझ्याकडं. “मामा, तुमाला ठावं व्हतं?”

“व्हय.”

“मग तोंडात काय लाडू व्हता का?”

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं सांगायला काही नव्हतं. लांबवायला पत्राच नव्हता. मी म्हणालो, “माझी चूक हाय. त्येंची न्हाय.”

वस्ताद हातात दोन वाट्या घेऊन उभे. “पाणी चालत न्हाय,” ते हळू म्हणाले. “आन् तू बोलला न्हाईस.”

“न्हाय, वस्ताद.”

“का?”

त्यांनी परत विचारलं नाही. माझं उत्तर त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी नारळाच्या वाट्या खाली ठेवल्या आणि सीटवर जाऊन बसले, माझ्या सीटवर, आणि त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. मला वाटलं, गेला. दिलेला नारळ परत गेला.

पोरगी मात्र कामाला लागली होती. शिव्या आणि स्क्रूड्रायव्हर एकाच लयीत चालू. एकेक पाटी, एकेक तार बाहेर काढली. मी मेडिकलमधून स्पिरिटची बाटली आणली, नवा मऊ ब्रश आणला. तिनं चिकट पाणी पुसून काढलं. मी कॉम्प्रेसरची नळी घेतली तर ओरडली, “लांबनं! रंग मारायचा न्हाय त्येला!” लांबून हवा मारली. मग बाजेवर पांढरं धोतर पसरलं आणि जीपचं सगळं काळीज उन्हात वाळत घातलं, कुरडया घालतात तसं. हिरव्या पाट्या, सोनेरी रेघा, बारके चांदीचे ठिपके. दुपार पुन्हा तरंगायला लागली होती. त्या पाट्यांवर मला गल्ल्या दिसत होत्या, चौक दिसत होते, एक अख्खं गाव उताणं पडून ऊन खात होतं. नारळाच्या वासानं मुंग्या आल्या. वस्ताद उठले, बाजेपाशी बसले आणि आपलं फडकं हलवत मुंग्या, माश्या, एक कोंबडी असं सगळं हाकलत राहिले. त्यांना मुंग्या दिसत नव्हत्या. तरी एकही मुंगी पोचली नाही.

मग वस्ताद म्हणाले, “गड्या, येक सांग. डबा कधी बंद पडलेला बघितलाईस का?”

“न्हाय.”

“पेटी? कपाट? हंडा?”

“न्हाय वस्ताद.”

“मग?” फडकं एकदा हवेत फिरलं. “बंद पडती ती गाडी.”

पोरीनं वर बघितलं. तिला हसायचं नव्हतं, पण ओठ फसले. “लई सोय केली बाबा तुमी सोताची,” ती म्हणाली.

“सोय न्हाय पोरी. ह्येनं,” वस्तादांनी माझ्या दिशेला मान वळवली, “तुझं सामान जाऊ दिलं. ती ह्येची चूक, आन् ती ह्येनं भरावी. पन गाडी ती गाडीच.”

जे जळलं असेल ते सगळं मी नवं आणून देईन, असं मी तिला तिथंच सांगितलं. ती म्हणाली, द्यालच, जाताल कुठं. सामान शेडमध्ये ठेवून ती संध्याकाळच्या एसटीनं गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली. वस्ताद सकाळपासूनच येऊन बसले होते. धोतरावरचं गाव तिनं एकेक उचलून परत जीपमध्ये वसवलं, बॉनेट लावलं, वायर जोडली, किल्ली फिरवली. काही नाही. परत फिरवली. पंखा पाव फेरा फिरला, खोकल्यासारखा आवाज आला, थांबला.

“सेल्फ घेईना,” वस्ताद म्हणाले.

“बाबा, ह्येला सेल्फ नसतो.”

“काळीपिवळी हाय का न्हाय?”

“हाय.”

“धक्का दिल्याबिगर चालू झालेली काळीपिवळी म्या उभ्या जन्मात बघितली न्हाय. चला, उतरा सगळे.”

आणि ते उठले. आम्ही जीप स्टुलावरून उचलून माझ्या लांब टेबलाच्या एका टोकाला ठेवली. वस्तादांनी दोन्ही तळहात मागच्या शिडीला लावले. मीही लावले, जागा नव्हती, आमची बोटं एकमेकांवर आली. पोरगी किल्ली धरून टेबलाच्या कडेनं चालायला तयार, वायर हातात गोळा केलेली, चेहरा असा की ह्या दोन म्हाताऱ्यांना कुठल्या दवाखान्यात न्यावं.

“हां, मारा!”

जीप सरकली. टेबलाच्या लाकडावर खर्रर आवाज, वीतभर, दोन वीत. “आता फिरव!” वस्ताद ओरडले. तिनं फिरवली. नंतर ती म्हणाली की कुठलीतरी तार सैल बसली होती, हादऱ्यानं नीट लागली असेल. असेल. मला तेव्हा एवढंच कळलं की पंखा एकदा अडखळला आणि मग सुटला, दिवे लागले, जाळीतून गार वारा आत जाऊ लागला आणि मागून आमच्या चार हातांवर ऊन-ऊन हवा यायला लागली, नारळाच्या वासाची. उजवा इंडिकेटर लुकलुकला. वस्तादांच्या डोळ्यांना तेवढा उजेड कळला असणार, कारण त्यांनी तोंड वर केलं आणि ढकलायचं सोडलं नाही. मीही सोडलं नाही. आम्ही दोघं वाकून, हसत, वाशीच्या रस्त्याला लागलेले.

“बाबा, बास!” पोरगी पुढून धावत आली, दोन्ही हात आडवे धरून. “बास! टेबल संपलं!”